घरी ऐकू येतं, वर्गात का नाही?

शाळकरी मुलांच्या ऐकण्याविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. कानाच्या दुखण्यांपेक्षा वर्गातल्या गोंगाटाबद्दलच जास्त पत्रं आली, आणि ते बरंच झालं. एकसारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र दिली आहेत.

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. बाई म्हणतात, लक्ष नसतं, सांगितलेलं अर्धवट करते. कान तपासले, रिपोर्ट नॉर्मल. घरी हाक मारली की लगेच ओ देते. मग वर्गातच काय होतं? – एक आई, चिंचवड

रिपोर्ट खरा आहे आणि बाईंचं निरीक्षणही खरं असू शकतं. ऑडिओमेट्री होते ती बंद, शांत खोलीत, कानाला हेडफोन लावून. ऐकवतात ते सुटे सूर. त्यातून एवढंच कळतं, की शांततेत किती हलका आवाज मुलीला ऐकू येतो. गोंगाटातून बोलणं वेगळं काढायचं काम कानाइतकंच मेंदूचं आहे, आणि ते कसब तेराव्या-पंधराव्या वर्षापर्यंत पक्कं होत राहतं.

आकडेच पाहू. बाई जरा चढ्या आवाजात बोलतात तेव्हा एक मीटरवर साधारण 65 डेसिबल धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर 59, चार मीटरवर 53, आठ मीटरवर 47. पंखा, शेजारच्या वर्गातले पाढे, रस्ता असा सगळा गोंगाट 50 असेल, तर अगदी पुढच्या मुलाला बाईंचा आवाज गोंगाटाच्या 15 डेसिबल वर मिळतो, मधल्या बाकावर 3 वर, आणि शेवटच्या बाकावर गोंगाटाच्याही 3 खाली. बोलणं आणि गोंगाट समसमान असले तरी मोठ्या माणसाला ओळखीच्या विषयावरचं बरंचसं उमगतं, कारण गळलेले शब्द तो मनात भरून घेतो. तिसरीतल्या मुलाकडे तेवढा शब्दांचा साठा नसतो. म्हणून वर्गात शिक्षकाचा आवाज गोंगाटाच्या किमान 15 डेसिबल वर असावा, अशी शिफारस असते.

गोंगाटात आधी बुडतात ती व्यंजनं. स्वरांना जोर असतो, ते तग धरतात. ‘घार’मधला ‘आ’ शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, पण सुरुवातीला ‘ग’ होता की ‘घ’, ते पोचत नाही. फळ-पळ, थाप-ताप, काळ-काल, मण-मन या जोड्या अशाच फसतात. तेव्हा मुलीची शुद्धलेखनाची वही काढा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सोडून द्या, त्या सगळ्यांच्याच होतात. ‘ख’च्या जागी ‘क’, ‘ळ’च्या जागी ‘ल’, शब्दाचं शेवटचं अक्षर गायब, अशा चुका किती आहेत ते मोजा. मग तोच उतारा घरी, शांत खोलीत, समोर बसवून घाला. घरी त्या चुका निम्म्याहून कमी झाल्या, तर मुलीआधी तिच्या बाकाची चौकशी करा.

बाईंना विनंती करून दोन आठवडे दुसऱ्या रांगेत बसवा आणि पुन्हा वही पाहा. शेजारी बडबडी मैत्रीण नको. पंख्याच्या घरघरीपेक्षा जवळचं कुजबुजणं मुलांना जास्त नडतं, कारण तेही बोलणंच असतं आणि मेंदू त्यामागे जातो.

ऐकू येत नाही, समजत नाही की लक्ष नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? – पालक, सोलापूर

निदान घरी होणार नाही, पण तज्ज्ञाकडे काय सांगायचं ते नक्की ठरवता येईल. 30 वाक्यं लिहून काढा, प्रत्येकात चार महत्त्वाचे शब्द. ‘मामाने बाजारातून हिरवी छत्री आणली’ हे चालेल: मामा, बाजार, हिरवी, छत्री. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ चालणार नाही, कारण अर्धं ऐकून उरलेलं कुणीही सांगेल. दहा-दहाचे तीन गट करा.

पहिला गट शांत खोलीत, एक मीटरवरून, रोजच्या आवाजात वाचा. ओठ दिसू नयेत म्हणून मुलाला भिंतीकडे तोंड करून बसवा. स्वतःच्या तोंडापुढे वही धरू नका, वहीने आवाज दबतो आणि चाचणी बिघडते. मुलाने प्रत्येक वाक्य जसंच्या तसं म्हणायचं. दुसऱ्या गटाला तुमच्या शेजारी मोबाइलवर बातम्या लावा, तुमच्या बोलण्याइतक्याच आवाजात. तिसऱ्या गटाला बातम्या तशाच, फक्त तुम्ही आणि मोबाइल दोघंही चार मीटर मागे जा. प्रत्येक गटाला 40 गुण, बरोबर आलेल्या प्रत्येक शब्दाला एक. शिवाय प्रत्येक गटात दोन-तीनदा अर्थ विचारा: ‘छत्री कुठून आणली?’

पहिल्या गटात 38-40 आणि पुढे घसरगुंडी, तर गोंगाटाची अडचण आहे. पहिल्या गटातच शब्द चुकले, तर ऐकणं आधी तपासा. वाक्य तंतोतंत म्हणतो पण ‘कुठून’ला उत्तर देत नाही, तर प्रश्न भाषेचा किंवा शब्द लक्षात धरून ठेवण्याचा आहे. आणि पहिली पाच वाक्यं अचूक, पुढची पाच कशीतरी, असं तिन्ही गटांत दिसलं, तर लक्ष टिकत नाही. हीच चाचणी त्याच वयाच्या दुसऱ्या मुलावरही घ्या, नाहीतर किती घसरण म्हणजे जास्त हे कळणार नाही. गोंगाटात थोडी घसरण सगळ्यांचीच होते.

आमचा वर्ग 8 बाय 6 मीटर, उंची 3.3 मीटर. सिमेंटच्या भिंती, शहाबादी फरशी, 40 मुलं. आवाज इतका घुमतो की मागची मुलं ‘काय सर?’ म्हणत राहतात. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले तर? खर्चाला फार पैसे नाहीत. – शिक्षक, सातारा जिल्हा

अंड्यांचे ट्रे नकोत. त्यांनी घुमणं जाणवण्याइतकं कमी होत नाही, धूळ आणि झुरळं जमतात, आणि आगीला ते आयतं जळण.

आवाज का घुमतो ते तुमच्याच वर्गावरून दाखवतो. खोलीचं आकारमान सुमारे 158 घनमीटर. आवाज बंद झाल्यावर तो पूर्ण विरायला किती सेकंद लागतात, हे काढायला आकारमानाला 0.161 ने गुणायचं आणि खोली जेवढा आवाज शोषते त्या चौरस मीटरांनी भागायचं. प्लॅस्टर आणि फरशी पडणाऱ्या आवाजाचा जेमतेम 3 टक्के भाग शोषतात. तुमच्या भिंती, छत, फरशी मिळून 188 चौरस मीटर, त्यांचं शोषण साडेपाचच्या आसपास. म्हणजे दारं-खिडक्या बंद असलेल्या रिकाम्या खोलीत आवाज साडेचार सेकंद रेंगाळतो! 40 मुलं बसली की त्यांचे कपडे आणि अंगं साधारण 14 चौरस मीटर शोषतात, मग वेळ 1.3 सेकंदावर येते. दारं-खिडक्या उघडल्या आणि त्या 6 चौरस मीटर असल्या, की एक सेकंद. उघडी खिडकी आवाज पूर्ण गिळते, गंमत एवढीच की त्याच वाटेने रस्ता आत येतो.

एवढ्या मोठ्या वर्गासाठी अमेरिकेच्या मानकात कमाल 0.6 सेकंद सांगितले आहेत आणि रिकाम्या वर्गातला गोंगाट 35 डेसिबलपर्यंत. 35 आपल्याकडे स्वप्नच, पण 0.6 गाठता येतं. त्यासाठी एकूण 42 चौरस मीटर शोषण हवं. खिडक्या उघड्या धरून तुमच्याकडे 25 आहे. उरलेल्या 17 साठी 85 टक्के शोषणारे पॅनेल 20 चौरस मीटर लागतील, छताच्या निम्म्याहूनही कमी.

पॅनेल गावातला सुतार करू शकतो. दोन बाय चार फुटांची लाकडी चौकट, आत 50 मिलिमीटर जाडीचं रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर), त्यावर पातळ नॉनवोव्हन कापड म्हणजे धागे गळणार नाहीत, आणि वरून मांजरपाट. अशी 27 पॅनेल लागतील. कापड घेताना तोंडाला लावून फुंकून पाहा. फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन किंवा प्लॅस्टिक चढवलं की आवाज बाहेरूनच परतेल. पॅनेलवर ऑइलपेंटने सुविचार रंगवायचा मोह टाळा. लोकर भरताना हातमोजे आणि मास्क हवेत. फोमचे स्वस्त तक्ते मिळतात, पण पातळ फोम फक्त बारीक आवाज शोषतो आणि भराभर पेटतो, वर्गात नकोच.

कुठे लावायचं ते जास्त महत्त्वाचं. छताचा मधला भाग मोकळा ठेवा, तिथून आपटून तुमचा आवाज मागच्या बाकांपर्यंत जातो. छताच्या कडेकडेने आणि मागच्या भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात पॅनेल बसवा. पंख्याच्या पात्यांपासून लांब ठेवा. भिंतीवर लावताना मागे दोन इंच पोकळी सोडली, तर त्याच पॅनेलने जाडा आवाजही जास्त शोषला जातो.

एवढं सगळं एकदम जमणार नसेल, तर मागच्या भिंतीपासून सुरुवात करा. जाड सुती पडदा, भिंतीच्या दुप्पट रुंदीचं कापड चुण्या घालून, भिंतीपासून चार इंचांवर टांगला तरी फरक कळतो. ताणून चिकटवलेली चादर मात्र फारसं काही करत नाही.

याआधी गोंगाट कमी करा, तो जवळजवळ फुकट होतो. फरशीवर बाक सरकला की अख्खा वर्ग बहिरा होतो. बाकाच्या पाइपचा बाहेरचा व्यास मोजून हार्डवेअरच्या दुकानातून म्हाताऱ्यांच्या काठीला असतात तशी रबरी बुचं आणा. नाही मिळाली, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दुहेरी करून बांधा, वर्षातून एकदा बदलावे लागतील. पंखा खडखडत असेल तर आधी वरच्या वाटीचा स्क्रू पाहा, मग बेअरिंग. आणि फळ्यावर लिहिताना बोलू नका. पाठ फिरली की आवाज कमी होतो, पण त्याहून जास्त ‘स’, ‘च’, ‘त’ यांचं बारीक टोक जातं, कारण उंच पट्टीचा आवाज तोंडासमोरच सरळ जातो. लिहा, वळा, मग बोला.

शाळेने कॉलर माइक आणि ब्लूटूथ स्पीकर घेतला. आता आवाज मोठा आहे, पण मुलं म्हणतात आधीच बरं होतं. – शिक्षिका, ठाणे

मुलं बरोबर आहेत. ब्लूटूथवरून आवाज दहाव्या हिश्श्यापासून पाव सेकंदापर्यंत उशिरा पोचतो. पुढच्या मुलांना तुमचा आवाज आधी आणि तोच शब्द पुन्हा स्पीकरमधून ऐकू येतो, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. वायरचा किंवा ब्लूटूथ नसलेला साधा वायरलेस माइक वापरा. स्पीकर फळ्याजवळच्या कोपऱ्यात ठेवला असेल तर हलवा. पुढच्यांच्या कानठळ्या बसतात आणि मागे घुमलेला आवाज जातो. बाजूच्या भिंतीवर, वर्गाच्या साधारण मध्यावर, बसलेल्या मुलांच्या डोक्यापेक्षा जरा वर तो हवा. कंबरेला लटकवायचे छोटे स्पीकर पहिल्या बाकाआड दबतात.

कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत. ओढणीखाली गेला की संपलं. आवाज 8 ते 10 डेसिबलने वाढला की थांबा. त्यापुढे नेलात तर मुलंही आवाज चढवतात, आणि घुमणाऱ्या वर्गात घुमणंच मोठं होतं. श्रवणयंत्र लावणारं मूल वर्गात असेल, तर त्याला स्पीकर पुरत नाही. थेट यंत्रात आवाज पाठवणाऱ्या रिमोट माइकबद्दल त्याच्या ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला विचारा.

कोकणातली शाळा, पत्र्याचं छप्पर. जोराच्या पावसात शिकवणं बंदच पडतं. – शिक्षक, रायगड

थेंबांनी पत्रा ढोलासारखा वाजतो. आतून पॅनेल लावून हा आवाज थांबत नाही, पत्र्याचं थरथरणं थांबवावं लागतं. पत्र्यावर झापांचा किंवा गवताचा थर बांधला की थेंबाचा मार तिथेच मोडतो, पण तो दरवर्षी नवा करावा लागतो आणि चूल जवळ असेल तर धोका. टिकाऊ उपाय म्हणजे पत्र्याखाली रॉकवूलचा किंवा ग्लासवूलचा थर आणि त्याखाली जिप्समचं किंवा सिमेंट बोर्डचं छत, दोघांमध्ये पोकळी सोडून. तोवर पावसाचा जोर असताना पाठ सांगू नका, लिखाण किंवा मूकवाचन ठेवा. ओरडून शिकवण्यात घसा जातो, मुलांपर्यंत फारसं काही पोचत नाही.

मुलाला पावसाळाभर सर्दी. डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्यामागे पाणी आहे, तीन महिने वाट पाहू. तोवर अभ्यासाचं काय? – पालक, नाशिक

वाट पाहणं योग्य आहे, बऱ्याच मुलांचं पाणी आपोआप ओसरतं. पण त्या काळात ऐकणं साधारण 20 ते 30 डेसिबलने कमी असतं, शिवाय आज बरं, उद्या वाईट. म्हणून तो ‘सोयीनुसार ऐकतो’ असा समज होतो. शिक्षकांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, दोन मीटरच्या आत जागा मागा, गृहपाठ फळ्यावर लिहून देण्याची विनंती करा. सूचना देण्याआधी त्याचं नाव घ्यावं, मग सूचना. तीन महिन्यांनी टिंपनोमेट्री (पडदा नीट हलतो का, मागे पाणी आहे का, ते दाखवणारी तपासणी) आणि ऑडिओमेट्री दोन्ही पुन्हा करा, तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहा. ही तारीख चुकते आणि वर्ष निघून जातं. कान दुखला, ताप आला किंवा कान वाहू लागला, तर मात्र थांबू नका. झोपेत घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर तेही सांगा, नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. कानात लसणाचं तेल घालू नका, ते पडद्यामागे पोचतच नाही.

एका कानाने अजिबात ऐकू येत नाही. पहिल्या बाकावर बसवलं की झालं ना? – पालक, लातूर

पहिला बाक नव्हे, बाजू महत्त्वाची. उजवा कान अधू असेल तर त्याला उजव्या हाताच्या भिंतीकडे, दुसऱ्या रांगेत बसवा. म्हणजे डावा कान शिक्षकांकडे आणि वर्गाकडे राहील. पण तो चांगला कान व्हरांड्याच्या दाराकडे येत नाही ना, हे आधी पाहा. गटात काम करताना जागा बदलू द्या. आवाज कुठून आला हे अशा मुलांना नीट कळत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना हॉर्नवर विसंबू नको, डोळ्यांनी पाहा, हे त्याला शिकवा.

पहिलीतली मुलं घरी पावरी बोलतात. मराठीतल्या सूचना शांत वर्गात कळतात, गलका झाला की अजिबात नाही. – शिक्षिका, धडगाव

घरच्या भाषेत अर्धा शब्द गळला तरी मूल तो भरून घेतं. नव्या भाषेत भरायला साठाच नसतो, म्हणून त्यांना गोंगाट जास्त बाधतो. शहरात इंग्रजी माध्यमात गेलेल्या मराठी मुलांचंही हेच. पाठाआधी आठ-दहा शब्द चित्रांसह फळ्यावर घ्या, मुलांना ते म्हणायला लावा, शक्य तिथे पावरी शब्दही शेजारी ठेवा. सूचना एका वेळी एकच द्या. ‘कळलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘आता काय करायचं, तू सांग,’ असं विचारा.

पाच वर्षांच्या मुलाला ‘ऐकलेलं मेंदूत नीट पोचत नाही’ असा दोष असेल का? तपासणी कुठे होते? ऑनलाइन कान-मेंदू प्रशिक्षणाची जाहिरात पाहिली. – पालक, नागपूर

त्या दोषाच्या चाचण्या सात वर्षांखालच्या मुलांवर भरवशाच्या नसतात. पाचव्या वर्षी कुणी तसा शिक्का मारत असेल तर मारू देऊ नका. आत्ता ऑडिओमेट्री, टिंपनोमेट्री आणि भाषेची तपासणी करून घ्या. सात वर्षांनंतरही तक्रार राहिली, तर गोंगाटातल्या बोलण्याची चाचणी मुद्दाम मागून घ्या, ती नेहमीच्या तपासणीत नसते. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत तयार झालेली 12 प्रश्नांची यादी शिक्षकांना भरता येते. तीही सोबत न्या.

ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे ना, ते पाहा. मुंबईत वांद्र्याला वाक्-श्रवणाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी मूल गैरहजर नको, आणि ‘गोंगाटात ऐकत नाही’ ही तक्रार कार्डावर लिहून घ्या, म्हणजे पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवता येतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांना 60 डेसिबलपासून नुकसान धरतात, त्यामुळे सौम्य अडचणीला प्रमाणपत्र मिळणार नाही. पुढचा बाक मागायला ते लागतही नाही.

प्रशिक्षणाच्या खेळांमध्ये मुलं त्या खेळातच हुशार होतात, वर्गातल्या ऐकण्यात तेवढा फरक पडल्याचा भक्कम पुरावा नाही. जाहिरातीतले पैसे बाकांच्या रबरी बुचांना द्या, सगळ्या वर्गाचं काम होईल.